चार फुटांवर पाणी

या खेपेला कुठ्ठंही चूक होणार नाही, असं जयमालानं सोमवारी सकाळी चुलीपुढं छातीठोकपणे जाहीर केलं. तिच्या हातात दोनशे पानी वही होती, वहीत लाल पेनाची रेघ होती आणि रेघेखाली अकरा मुद्दे होते. अंबाजोगाईच्या कॉलेजातून समाजशास्त्र घेऊन बी.ए. झालेली बाई ती! एवढ्या तयारीनं बोरटाकळीत आजवर कुणी निवडणूकसुद्धा लढवली नव्हती.

"कशाची चूक?" सासूबाईंनी, म्हणजे छबुबाईंनी, सुपातला खडा बाजूला टाकत विचारलं.

"गार्गीच्या आराखड्याची! शुक्रवारी शाळेत बैठक आहे, आत्याबाई. तुम्हालाही यायचंय."

"मला? मी काय मास्तरीण हाय का?"

"पालक आहात ना! पालकांची बैठक आहे."

"ह्या दुष्काळात बाजारात पालकाची काडी दिसंना, अन् हिच्या बैठकीला पालक पायजे!"

यावर जयमालानं चोख उत्तर दिलं. पण नुसत्या ओठांनी! आवाज अजिबात काढला नाही. ही तिची जुनी सोय होती. लग्नाला नऊ वर्षं झाली, सून कधी उलटून बोलली नाही, असा सगळ्या भावकीत तिचा लौकिक. खरं म्हणजे नऊ वर्षांत एकाही टोमण्याचं उत्तर तिनं शिल्लक ठेवलं नव्हतं. फक्त आवाज तेवढा लावला नव्हता. पोट मोकळं होत होतं आणि घरही शांत राहत होतं. आणखी काय पाहिजे?

आता गार्गीबद्दल सांगायला पाहिजे. मुलगी झाली तेव्हा जयमालानं मोठ्या हौसेनं हे विदुषीचं नाव ठेवलं. छबुबाईंच्या जिभेवर ते काही बसेना, म्हणून त्यांनी 'गारगोटी' करून टाकलं. तिसऱ्या वर्षी कळलं, पोरीला कमी ऐकू येतं. ढोल ऐकू यायचा, टँकरचा हॉर्न ऐकू यायचा. माणसाचं बोलणं मात्र भिंतीपलीकडून आल्यासारखं यायचं. मग मेडिकल कॉलेजच्या शिबिरात उजव्या कानाला मशीन मिळालं. तरी निम्मं काम कानाचं, निम्मं डोळ्यांचं. समोरच्याचे ओठ दिसले की गार्गीला बोलणं कळायचं. ओठ दिसले नाहीत की संपलं!

आणि नेमकी इथंच पंडित सरांची मिशी आडवी आली.

पंडित सर शाळेचे हेडमास्तर, पहिली-दुसरीचा वर्ग त्यांच्याकडेच. माणूस सज्जन, पण मिशी! मिशी कसली, पडवीच होती ती! वरच्या ओठावरून निघून खालच्या ओठावर मुक्कामाला आलेली. त्या पडवीआड सरांना ओठ आहेत हे गावानं निव्वळ विश्वासावर मान्य केलं होतं. बिचारी गार्गी पहिलीचं अख्खं वर्ष तिसऱ्या रांगेत बसून त्या मिशीकडं टक लावून बघत राहिली. झुडपातून ससा निघायची वाट बघावी तशी. वर्षाअखेर सरांनी प्रगतिपत्रकात शेरा मारला, 'शांत व गुणी मुलगी. काही त्रास नाही.' अक्षर मात्र तिला एक येत नव्हतं.

मे महिन्यात सरांनीच शहादेवला, म्हणजे जयमालाच्या नवऱ्याला, बाजूला घेऊन सांगितलं, "पोरीला निवासी शाळेत घाला. इथं काय तिचं जमत न्हाई." निवासी शाळा दोनशे किलोमीटरवर! छबुबाईंनी त्या दिवशी माळ्यावरून एक पत्र्याची पेटी काढली, डोळे पुसत पुसत पेटीही पुसली आणि खाटेखाली सरकवली. शहादेव म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघू. न्हाई जमलं तर सोडू तिकडं."

तेव्हापासून जयमाला घर झाडताना रोज केरसुणीनं त्या पेटीला एक ठोसा द्यायची.

आराखडा तसा मागच्या वर्षीही झाला होता. जयमालानं तो यंदा जूनमध्ये पहिल्यांदा पाहिला. 'विद्यार्थ्याचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा. पालकांच्या सक्रिय सहभागाने तयार.' खाली शहादेवची सही. हा सक्रिय सहभाग चहाच्या टपरीपुढं, मोटरसायकलच्या टाकीवर कागद ठेवून, अर्ध्या मिनिटात उरकला होता! ती मोटरसायकल धर्मराज सरांची. धर्मराज सर फिरते विशेष शिक्षक. बावीस शाळा, एक मोटरसायकल आणि मागे बांधलेली साहित्याची पेटी. माणूस मनापासून काम करणारा, पण एका शाळेला महिन्यातून एक चक्कर मिळायची, तीही गाव रानात असताना; त्यामुळं गावात त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं.

"सर, यंदा मला बसून आराखडा करायचाय," जयमालानं त्यांना गाठून सांगितलं.

धर्मराज सरांचे डोळेच पाणावले. "ताई, सहा वर्षांत असं म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच पालक! शुक्रवारी अकरा वाजता. साडेबाराला मला कागद घेऊन तालुक्याला निघावं लागतं, शेवटची तारीख आहे. पण घरातले सगळे पाहिजेत. वडील तर पाहिजेतच! मागं मी मुलीची जन्मतारीख विचारली तर ते टपरीवाल्याला विचारत होते."

तर अडचण होती शहादेवची. शहादेव दूध संस्थेचा सचिव. गावातल्या प्रत्येक म्हशीचा फॅट त्याला पॉइंटासकट पाठ, बाकी सगळं पुसलेलं. तोंडी सांगितलेलं संस्थेच्या पायरीवर सांडायचं, मोबाइलवरचं तो बघायचा नाही. तो रोज न चुकता बघायचा अशी जगात एकच गोष्ट होती. संस्थेतला फळा!

गुरुवारी जयमाला संस्थेत गेली तेव्हा शहादेव जागेवर नव्हता. तिनं खडू उचलला, फॅटचे दर आणि टँकरच्या वेळा यांच्या मधल्या मोकळ्या जागेत टपोऱ्या अक्षरात लिहिलं:

'उद्या शुक्रवार, ११ वा., शाळेत. वैयक्तिक आराखडा बैठक. स्वतः हजर राहणे. कागदपत्रे व मागण्या सोबत आणणे. जो येणार नाही त्याचा वर्षभर विचार होणार नाही. – ज. श.'

ज. श., म्हणजे जयमाला शहादेव. शेवटचं वाक्य तर खास नवऱ्यासाठी होतं. ती खूश होऊन घरी आली आणि वहीत मुद्दा क्रमांक चारपुढं बरोबरची खूण केली.

पण 'आराखडा' हा शब्द त्या साली कसा होता, ते तिच्या ध्यानातच राहिलं नाही! जुलै उजाडला होता, आभाळ भांड्यासारखं घासून स्वच्छ होतं, टँकर अजून चालूच होते. टंचाई आराखडा, पाणी आराखडा, कृती आराखडा... गावात आराखड्याशिवाय दुसरं काही उगवत नव्हतं. संध्याकाळी दूध घालायला आलेल्या सुग्रीवनं फळा वाचला आणि किटली तिथंच ठेवली.

"वैयक्तिक आराखडा! म्हंजे वैयक्तिक विहीर की बे! ज्याच्या त्याच्या रानात!"

"अन् हे ज. श. कोण?"

"जलयुक्त शिवार! एवढं बी कळंना का?"

"पर शि पायजे ना? हितं तर नुसता श हाय."

"सरकारी खडू हाय, वेलांटी गाळतेत."

"लिवलंय कसं बघ. जो येणार न्हाई त्याचा विचार न्हाई! सरकारशिवाय असं कोन बोलतं?"

रात्र पडायच्या आत अख्ख्या गावाला निरोप गेला.

शुक्रवारी साडेदहाला गार्गीचा हात धरून, छबुबाईंना पुढं घालून जयमाला शाळेत आली आणि फाटकातच थबकली. मैदानात शे-सव्वाशे माणूस! बाप्यांनी इस्त्रीचे शर्ट घातलेले, कुणाच्या हातात सातबारा, कुणाच्या हातात आधार कार्डाच्या झेरॉक्सची चळत. सरस्वतीबाईनं टँकरच्या सवयीनं आपला हंडा रांगेत लावला होता, तो बघून आणखी तीस बायकांनी लावले होते. दूध संस्थेचे चेअरमन विठ्ठलराव कडक टोपी घालून, दोन हार आणि नारळ घेऊन खुर्चीवर बसले होते. आणि सतरंज्या कोण अंथरत होतं? शहादेव!

तो धावतच आला. "अगं, तुझी ती गार्गीची बैठक पुढं ढकल! आज हितं जलयुक्तवाले येणार हायेत. फळ्यावर लिवलंय!"

"अहो, ते मी लिहिलंय!" जयमालाच्या तोंडचं पाणीच पळालं. "माझं अक्षर ओळखू नाही आलं?"

"ओळखीचं वाटलं म्हणून तर इश्वास बसला!"

आता लोकांना सांगायला पाहिजे होतं. जयमाला दोन पावलं पुढं झाली, तोंड उघडलं आणि... आवाजच फुटेना! नऊ वर्षांची सवय. ओठ भराभरा हलत होते, शब्द एक बाहेर येत नव्हता. गार्गी तेवढी आईच्या तोंडाकडं बघून खुदकन हसली. का हसली, याकडं तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही.

कारण तेवढ्यात मोटरसायकल आली! धर्मराज सरांचं हेल्मेट निघायच्या आत विठ्ठलरावांनी हार घातला. तो हेल्मेटवर अडकला. टाळ्या पडल्या. सरांनी समोरची गर्दी बघितली आणि दोन्ही हात जोडले.

"एवढे पालक! एका मुलीसाठी अख्खं गाव... मी... मला बोलवत नाही."

"तुमी बोलायचं न्हाई साहेब, फक्त सांगायचं," सुग्रीव पुढं सरसावला. "किती फुटावर?"

धर्मराज सरांना वाटलं, मुलगी शिक्षकापासून किती लांब बसवायची ते विचारतायत. किती जाणकार गाव!

"चार फुटांच्या आत," ते ठामपणे म्हणाले.

मागच्या रांगेतली माणसं उठून पुढं आली.

"चार फुटावर?" सुग्रीवचा आवाज चिरकला. "आमी आठशे फूट खाली गेलतो, साहेब! नुसता फुफाटा निघाला!"

"आठशे फूट? छे, छे! एवढ्या लांब कसं मिळेल? चार फुटांच्या पुढं गेलं की काही उपयोग नाही."

"मशीन कवा येनार?"

"मशीन आलेली आहे की! एका बाजूचं काम चालू आहे, दुसऱ्या बाजूचा प्रस्ताव आज टाकू."

"चार फुटावर पाणी! अन् मशीन बी आली!" हंडे वाजायला लागले. विठ्ठलरावांनी नारळ दगडावर आपटला. एका म्हाताऱ्यानं धर्मराज सरांच्या पायावर डोकं ठेवलं, आणि सर "अहो, अहो, हे काय?" म्हणत मागं सरकले ते थेट एका हंड्यात पाय घालून उभे राहिले.

"ओ, थांबा!"

हा आवाज छबुबाईंचा होता. त्या आवाजासाठी गावात भोंग्याची गरज पडायची नाही. "विहीर न्हाई अन् बिहीर न्हाई! ही बैठक आमच्या गारगोटीची हाय. तिनं शाळेत कसं शिकायचं, त्याचा आराखडा. ज. श. म्हंजे ही, आमची जयमाला. काय ते तिला इचारा."

सव्वाशे माणसांनी जयमालाकडं बघितलं. त्या नजरा बघून तिला चार फुटांवर पाणी नाही, तर चार फुटांचा खड्डा मिळाला असता तरी चाललं असतं.

"म्हंजे... पाणी न्हाई?" सुग्रीवनं झेरॉक्सची गुंडाळी केली.

लोक उठायला लागले. धर्मराज सर घड्याळ बघायला लागले. साडेअकरा होत आले होते. पंडित सरांनी मिशीतून सुस्कारा सोडला, तशी मिशी पडद्यासारखी हलली. म्हणाले, "जाऊ द्या वहिनी. पेटी भरा पोरीची. मी निवासी शाळेला चिठ्ठी देतो."

पेटीचं नाव निघालं आणि जयमालाच्या पोटात नऊ वर्षं साठलेला आवाज एकदम बाहेर पडला.

"न्हाई भरायची पेटी! टँकरसाठी तुमी चार-चार तास हुबं ऱ्हाता, माझ्या पोरीसाठी एक तास बसा! तीन ओळी लिहून घ्यायच्यात मला, तीन!"

कॉलेजातली शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली होती. लोक होते तिथं थबकले. आणि मदतीला कोण आलं असेल? विठ्ठलराव! त्यांच्याकडं एक हार शिल्लक होता, भाषण तर सगळंच शिल्लक होतं. सभा न घेता परत जाणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"आलोच आहोत तर अध्यक्षस्थान मीच स्वीकारतो," असं म्हणत त्यांनी उरलेला हार स्वतःच्या गळ्यात घातला. "वाचा, जयमालाबाई. ठराव क्रमांक एक!"

"गार्गीला पहिल्या रांगेत, सरांसमोर, चार फुटांच्या आत बसवणे."

"मंजूर! मंजूर!" शंभर हात वर गेले.

बोरटाकळीच्या लोकांना सहकारानं हे एक वळण पक्कं लावलं होतं. संस्थेच्या वार्षिक सभेत वाक्य पुरं व्हायच्या आत 'मंजूर, मंजूर' ओरडायचं; म्हणजे चिवडा लवकर येतो.

"ठराव क्रमांक दोन. सरांनी फळ्याकडं तोंड करून बोलू नये. आधी लिहावं, मग वळून, गार्गीकडं बघून..."

"मंजूर! मंजूर!"

"ठराव क्रमांक तीन..." जयमालानं वहीचं पान उलटलं. हा मुद्दा वहीत तिनं पेन्सिलनं लिहिला होता, पुसायची सोय म्हणून. डोळे मिटून तिनं वाचलं, "सरांनी ओठ दिसतील एवढी मिशी..."

"मंजूर! मंजूर!"

"अहो, काय मंजूर?" पंडित सर खुर्चीतून उडाले. "वाचू तरी द्या पुरतं!"

जयमालानं पुरतं वाचलं. शेवटचा शब्द 'कापावी' असा होता.

विठ्ठलरावांचा हात नकळत स्वतःच्या मिशीवर गेला, आणि आपण शाळेत शिकवत नाही या समाधानानं खाली आला. पण ठराव तर पास झाला होता! एकमतानं!

"वीस वर्सं झाली," पंडित सर कापऱ्या आवाजात म्हणाले. "आमचे वडील गेले तवा एकदा काढलीती. त्यानंतर कात्री लागू दिली न्हाई. मिशी काढली तर लोक इचारतील, सर, आता कोण गेलं? अन् माझं बोलणं पोरीला कळतंय की! मिशीचा काय संबंध?"

"मग विचारून बघा," धर्मराज सर हळूच म्हणाले. ते गार्गीला हाताला धरून पुढं घेऊन आले आणि सरांपासून बरोब्बर चार फुटांवर उभं केलं.

"गार्गी, पाणी आण," पंडित सर म्हणाले. मिशी वर गेली, खाली आली.

गार्गी मिशीकडं बघत राहिली. नेहमीसारखी, शांत, गुणी.

"गार्गी! पाणी!" सर ओरडले. मिशी नुसतीच फुगली. गार्गी घाबरून आईकडं वळली. जयमालाचे ओठ हलायला लागले. तिनं ते दातांनी घट्ट दाबून धरले. सांगायचं नाही! सरांचं सरांना कळू दे!

मग पंडित सरांनी दोन्ही हातांची दोन-दोन बोटं वर नेली आणि दुकानाचं शटर उचलावं तशी मिशी उचलली. वीस वर्षांनी सरांचा वरचा ओठ गावाला दिसला. गोरापान होता, बाळासारखा!

"गार्गी," ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. "पाणी."

गार्गीचा चेहरा असा उजळला की काय सांगावं! ती वळली, धावत व्हरांड्यात गेली, माठातून पेला भरला आणि एक थेंब न सांडता सरांपुढं धरला.

"घ्या," ती तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली. "पाणी!"

पाण्यासाठी सव्वाशे माणसं जमली होती. मिळालं ते एकट्या पंडित सरांना. मिशी एका हातानं वर धरून त्यांनी ते पाणी प्यायलं, आणि रिकामा पेला गार्गीच्या हातात परत दिला. छबुबाई पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "बघा की, हंड्यावाल्यांनो! हाय का तुमच्या घरात असं पाणी देणारं लेकरू?"

साडेबाराला धर्मराज सर निघाले. फॉर्मवर 'पालक सहभाग: होय / नाही' असे दोनच रकाने होते. त्यांनी दोन्ही सोडून बाजूला लिहिलं, 'एकशे बावीस. मंजूर, मंजूर.'

सोमवारी पंडित सर शाळेत आले ते ओठांवर काडेपेटीच्या काडीएवढी रेघ घेऊन. बायकोनं दार उघडलं नाही म्हणे, आधी खिडकीतून नाव विचारलं. शेजारच्या गावातून चार माणसं डोक्याला पंचे बांधून भेटायला आली, ओट्यावर मान खाली घालून बसली आणि चहा घेऊन, कोण गेलं ते न कळताच परत गेली.

पण गार्गी! दसऱ्यापर्यंत ती बाराखडी म्हणायला लागली. सर बोलायला तोंड उघडायचे आणि ही ते शब्द वरच्या वर झेलायची. छबुबाईंनी खाटेखालची ती पेटी ओढून काढली आणि न बोलता तिच्यात पापड भरून ठेवले. शहादेवनं दिवाळीचा विषयच काढला नाही. आता हे तो विसरला, की मुद्दाम विसरला, हे जयमालानं विचारलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी जयमाला भाकरी थापत होती. छबुबाईंचा पट्टा चालू होता. भाकरी जाड झाली, चूल धुपली, पाणी लई सांडलं, आमच्या वेळेला असं नव्हतं. जयमाला मान खाली घालून नेहमीसारखी सुखानं उत्तरं देत होती. बिनआवाजी.

समोर पाटीवर लिहीत बसलेल्या गार्गीनं मान वर केली. आईच्या ओठांकडं बघितलं. आणि वर्गात उत्तर द्यावं तसं खणखणीत आवाजात म्हणाली,

"आजी! आई म्हणती, टँकर बरा, कधी तरी संपतो तरी!"

चुलीवरची भाकरी फुगली. कुणी उलटली नाही.

"अस्सं?" छबुबाई सूप बाजूला ठेवून नातीजवळ सरकल्या. "आणखी काय म्हणती गं, गारगोटी?"

गार्गीनं मोठ्या आज्ञाधारकपणे पुन्हा आईच्या तोंडाकडं बघितलं. जयमालानं घाईघाईनं पदर नाकापर्यंत ओढला. बाहेर शहादेव कुणाला तरी सांगत होता की पंडित सरांनी मिशी कापली ते लई चांगलं केलं. चांगलंच केलं, तिनं पदराआड पुटपुटून घेतलं. फक्त ती कापलेली मिशी सरांनी टाकून द्यायला नको होती. या घरात तिची फार गरज होती!